खाचरातला खार दरवर्षी परत येतोय? आधी त्याची वाट शोधा

तक्रार एकच असते, सांगणारा तेवढा बदलतो. "मागच्या साली भात बरं होतं. यंदा लावणी केली, आठ दिवसांत पात्यांची टोकं करपली, मग जागोजागी टक्कल पडलं. युरिया दिला, जिप्सम टाकलं, बियाणं बदललं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच." धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना, अलिबागच्या खारेपाटात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात) आणि पलीकडे पेणच्या वढाव-भालकडे, खाराचं, म्हणजे मातीत साचणाऱ्या मिठाचं, हे रडगाणं इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

मीही तीन वर्षं हेच केलं. खाडीच्या बांधाला लागून माझी दोन एकर आहे. पहिल्या वर्षी वाटलं बियाणं खराब. दुसऱ्या वर्षी कोणीतरी सांगितलं म्हणून ट्रॅक्टरभर जिप्सम. तिसऱ्या वर्षी पुन्हा जिप्सम, कारण पहिलं "कमी पडलं असेल". चौथ्या वर्षी आळीतल्या आबांनी विचारलं, "खार कठशी येतो ते बघलंस का?" मी सांगितलं, बांधावरून कधीच पाणी आलेलं नाही, बांध धड आहे. आबा म्हणाले, "पानी दिसतंय तठशी येत नाय, पोरा. पुनवेच्या दुसऱ्या राती उघाडीवर ये."

त्या रात्री उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, काय दिसलं ते पुढे येईलच. मला कळलेली गोष्ट एवढी, की खार शेतात पाच वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे. वाट न शोधता उपाय केला तर पैसा चिखलात जातो. माझा गेला.

आधी खात्री करा की हा खारच आहे

लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके आले, तर ते बहुधा जस्ताच्या कमतरतेचं लक्षण असतं. खाराचं करपणं टोकाकडून सुरू होतं, पातं गुंडाळतं आणि शेतात ते सारखं न दिसता ठिगळं पडल्यासारखं दिसतं. उंचवट्याचा भाग आधी मरतो. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं, पण पाणी उंचवट्यावरून आधी आटतं आणि मीठ तिथे मागे राहतं.

जिभेवर भरवसा ठेवू नका. खिशात मावणारा क्षारमापक मिळतो, पाच-सहा जणांत एक घ्या. तो बहुतेक वेळा मायक्रोसायमनमध्ये आकडा दाखवतो. १००० मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर म्हणजे १ डेसिसायमन प्रति मीटर. समुद्राचं पाणी ५० डेसिसायमनच्या आसपास असतं.

आता ज्यात मी फसलो ते. माझ्या माती अहवालात क्षारता १.६ डेसिसायमन होती. भात ३ पर्यंत सोसतं हे प्रशिक्षणात ऐकलेलं, म्हणून मी निर्धास्त. पण ते ३ मोजतात संपृक्त मातीच्या अर्कात, म्हणजे माती जेमतेम लगद्याइतकी भिजवून त्यातून काढलेल्या पाण्यात. प्रयोगशाळेत नेहमीच्या तपासणीला एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालतात. मीठ तेवढंच, पाणी जास्त, म्हणून आकडा लहान दिसतो. आपल्या भारी चिकण मातीत तो ढोबळमानाने तिप्पट करून बघायचा. माझा १.६ म्हणजे खरा पावणेपाचच्या घरात. ३ च्या वर प्रत्येक एका अंकाला भाताचं उत्पन्न साधारण १२ टक्क्यांनी घटतं. म्हणजे पाच पोत्यांतलं एक अहवाल हातात पडला तेव्हाच गेलेलं होतं, आणि मी तो घडी करून कपाटात ठेवला. तेव्हा अहवालावर "१:२.५" असं कुठे लिहिलंय का ते आधी बघा. नसेल तर विचारा.

नमुना घेताना नुसती वरची माती खरवडून नेऊ नका. एकाच जागी वरचं अर्धा फूट, त्याखालचं अर्धा फूट आणि त्याखालचं एक फूट अशा तीन पिशव्या भरा. एक जागा बांधाजवळ, एक शेताच्या मधोमध, एक मुख्य चराच्या काठाला. तारीख लिहा. मे महिन्याचा नमुना आणि ऑगस्टचा नमुना ही दोन वेगळी शेतं असल्यासारखी असतात, त्यांची एकमेकांशी तुलना करू नका. दरवर्षी एकाच महिन्यात घ्या.

या नऊ पिशव्यांतून बरंच कळतं. बांधाजवळ जास्त आणि आत कमी होत गेलं, तर पाणी बांधातून झिरपतंय. चराच्या काठाला जास्त असेल तर संशय उघाडीवर. सगळीकडे सारखंच, वर जास्त आणि खाली कमी असेल, तर खार जमिनीखालून वर चढतोय.

बांधावरून येणारा

हा सगळ्यांना दिसतो म्हणून थोडक्यात. उधाणाचं पाणी माथ्यावरून आत आलं तर कारण एकच, बांध बसलाय. मातीचा बांध दरवर्षी थोडा दबतो. गुरं, माणसं आणि आता मोटारसायकली त्याच जागेवरून जातात, तिथे खोलगट होतं. डोळ्यांना ते दिसत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा, दोघांनी दोन टोकं धरा आणि बांधाचा माथा मोजत चला. सर्वात खाली असलेली जागा तीच उद्याची खांड, म्हणजे बांध फुटायची जागा.

खाडीतून बार्ज जातात तिथे त्यांच्या लाटांनी बाहेरची बाजू खालून पोखरते आणि माथा एक दिवस अचानक बसतो. अशा ठिकाणी बाहेरून दगड रचल्याशिवाय नुसती माती टाकून उपयोग नाही.

माती घालताना होणारी मोठी चूक म्हणजे बांधाच्या पायथ्यालाच जेसीबी लावून तिथलीच माती वर टाकणं. पायथ्याला खंदक तयार होतो, पाण्याला झिरपायची वाट आखूड होते आणि बांध उंच होऊनही कमकुवत होतो. माती लांबून आणा, थर वीतभराचा ठेवा, प्रत्येक थर धुम्मसाने ठोका.

उघाडीतून येणारा

आबांच्या त्या रात्रीकडे येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उघाडी म्हणजे बांधातून काढलेलं पाण्याचं दार. खाडीच्या बाजूला वरून टांगलेली झडप असते. भरती आली की खाडीचं पाणी ती दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. यंत्र नाही, वीज नाही, सगळं काम चंद्राच्या जिवावर चालतं. जुन्या उघाड्यांना खाचेत सरकवायच्या फळ्या होत्या, काही ठिकाणी अजून आहेत.

माघातली पौर्णिमा झाली, प्रतिपदेच्या रात्री आम्ही गेलो. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते हा आपला जुना हिशोब: प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. खाडीत आत जाल तसं आणखी थोडं उशिरा. आबांनी संध्याकाळीच आतल्या चरात एक काठी रोवून पाण्याच्या पातळीला खूण केली होती. पाऊस नाही, कोणाचा पंप चालू नाही. झडप वरून घट्ट मिटलेली दिसत होती. आबांनी आतल्या बाजूला मूठभर भाताचं तूस पाण्यावर टाकलं. तूस जागच्या जागी फिरायला हवं होतं, ते सरळ शेताकडे चाललं. कान दिला तर खालून सूऽऽ असा बारीक आवाज. रात्री दीड वाजता काठीवरची खूण चार बोटं पाण्याखाली होती.

सकाळी ओहोटीला खाली उतरून बघितलं. झडपेच्या एका कोपऱ्यात बांबूचा तुकडा अडकलेला, त्यामुळे दोन बोटं फट. शिवाय चिरेबंदी भिंत आणि बांधाची माती यांच्या सांध्यात हात जाईल एवढं भोक.

दोन बोटं म्हणजे किती, असं वाटेल. दोन फूट लांब आणि दोन बोटं रुंद फट धरा, बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा दीड-दोन फूट उंच धरा. सेकंदाला ४० लिटरच्या आसपास पाणी आत येतं. तीन तासांच्या भरतीत चार लाख लिटरच्या वर. समुद्राच्या एका लिटरात ३५ ग्रॅम मीठ असतं. खाडीचं पाणी त्याच्या निम्मं खारट धरलं तरी एका भरतीला सात टन मीठ आत. ओहोटीला त्यातलं बरंचसं परत जातं, सगळं नाही. दिवसाला दोन भरत्या. आणि मी एक ट्रॅक्टर जिप्सम टाकून वाट बघत बसलो होतो.

तपासणी कशी करायची ते म्हणून नीट सांगतो. दिवस निवडा दिवाळीनंतरचा कोणताही, पण पौर्णिमा किंवा अमावस्या उलटून एक-दोन दिवस झालेले. उधाणाचा जोर तेव्हा सर्वात जास्त असतो. काठी रोवा, भरतीआधी आणि भरतीनंतर खूण करा, मापक असेल तर दोन्ही वेळी आतल्या पाण्याचा आकडाही घ्या. पातळी वाढली आणि आकडाही वाढला तर उघाडी गळतेय. पातळी वाढली पण आकडा जैसे थे, तर पाणी दुसऱ्या कुठल्यातरी गोड्या वाटेने येतंय, घाई करू नका. उधाणाच्या दिवसांत ओहोटी सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी असते, म्हणजे खाली उतरून बघायला उजेड मिळतो. एकट्याने उतरू नका. चिखलात मांडीपर्यंत पाय गेला तर हात द्यायला कोणी हवं.

सापडणारे बिघाड साधारण हेच: अडकलेलं लाकूड, थर्माकोल किंवा प्लास्टिकची पिशवी, गंजून अडलेल्या बिजागऱ्या, झडप जिथे टेकते ती झिजलेली कड, आणि भिंतीच्या बगलेतली पोकळी. पहिले तीन एका सकाळचं काम. चौथं मात्र वरवर माती लिंपून जात नाही. ती जागा घट्ट माती लागेपर्यंत उकरायची आणि चिकण मातीचे ओलसर थर ठोकत वर यायचं. आम्ही पहिल्यांदा गोणी कोंबून काम भागवलं, दोन महिन्यांत गोणी कुजली.

आणखी एक बिघाड आहे, तो लोखंडाचा नसून माणसांचा आहे. भरतीला झडप मुद्दाम वर अडकवून पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला तोंडावर जाळं लावून कोळंबी धरायची. करणारे आपल्यातलेच असतात, त्यामुळे कोणी बोलत नाही. आमच्याकडे यावर बरीच धुसफूस झाली. शेवटी ठरलं की भात कापून झाल्यावरही झडप उचलायची नाही, मासळी धरायची तर पावसाळ्यात गोडं पाणी बाहेर जाताना धरा. कोणी खूश नाही, पण चाललंय.

बांधातून आणि बांधाखालून

खेकड्याचं बीळ हे बांधाचं पहिलं दुखणं. बीळ आरपार झालं की त्यातून आधी पाणी गाळून येतं, मग गढूळ येतं. गढूळ आलं म्हणजे बांधाची माती वाहायला लागली, तेव्हा उद्यावर ढकलू नका. आतल्या उतारावर उन्हाळ्यातही ओल दिसत असेल, किंवा भर मे महिन्यात तिथेच हिरवं खारगवत असेल, तर वाट तिथेच आहे.

बांधाखालून झिरपतंय का ते कळायला एक साधी युक्ती. दीड मीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या अर्ध्याला भोकं पाडा, त्याभोवती जुन्या साडीचा तुकडा गुंडाळा आणि बांधापासून दहा-पंधरा पावलांवर जमिनीत उभा पुरा. दुसरा शेताच्या मधोमध. आत दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते भरतीला आणि ओहोटीला मोजा. बांधाजवळच्या पाइपातलं पाणी खाडीबरोबर वर-खाली होत असेल आणि मधल्यातलं स्थिर असेल, तर बांध झिरपतोय. अशा वेळी बांधाच्या आतल्या बाजूने, पण पायथ्यापासून लांब, एक चर काढून ते पाणी उघाडीकडे न्यायचं. पूर्वी बाहेरकाठा आणि आतकाठा असे दोन बांध का होते, ते हा पाइप पुरल्यावर समजतं. बाहेरकाठ्यातून झिरपलेलं दोघांच्या मधल्या पट्ट्यातच अडायचं.

खालून वर चढणारा

फेब्रुवारीपासून शेत उघडं पडतं. दोन-तीन फुटांवर खारं पाणी असतं. चिकण माती ते वातीसारखं वर ओढते. वर पाणी उडून जातं, मीठ राहतं. हिशोब करून बघा: रोज फक्त १ मिलिमीटर पाणी असं वर आलं आणि त्यात लिटरला १० ग्रॅम मीठ असलं, तर एका गुंठ्यावर रोज एक किलो. मे अखेरपर्यंत गुंठ्याला एक क्विंटल. बांध अभेद्य असला तरी हा येणारच.

इथे उपाय वात तोडण्याचा. भात कापलं की आठ-दहा दिवसांत, जमिनीत वाफसा असतानाच, वरवर उखळून घ्या. ढेकळांचा सैल थर वर राहिला की खालची ओढ तुटते. जानेवारीत जमीन दगड झाल्यावर नांगर लावून हे होत नाही. पेंढा अंथरला तर उत्तम, पण तो गुरांना लागतो आणि विकलाही जातो, त्यामुळे ज्या ठिगळांत दरवर्षी टक्कल पडतं तेवढ्यांवरच टाका. आणि चर. दोन-अडीच फूट खोल, उघाडीपर्यंत सलग उताराचे चर उन्हाळ्यात मोकळे ठेवले तर भूजल तेवढं खाली राहतं. आमच्याकडे चर मेमध्ये साफ करतात, पावसासाठी. तेव्हा खार चढून गेलेला असतो. डिसेंबरमध्ये करा.

पाऊस पुरेसा आहे, दार पुरेसं नाही

साधारणपणे एक फूट जमिनीतून एक फूट पाणी झिरपून गेलं तर तिच्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास मीठ धुऊन निघतं. आपल्याकडे पाऊस पडतो दोन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे साडेसहा फुटांहून अधिक. धुवायला पाणी मुबलक आहे. ते धुतलेलं पाणी बाहेर जात नाही ही खरी अडचण.

ओहोटीला उघाडीबाहेर उभे राहा. बाहेरचा ओहोळ गाळाने भरून झडपेच्या उंबऱ्याच्या वर आलाय का? आला असेल तर झडप नवी बसवूनही उपयोग नाही, कारण पाण्याला उतारच नाही. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर चार लाख लिटर पाणी जमा होतं आणि दिवसातून दोनदा, ओहोटीच्या काही तासांतच ते बाहेर पडायचं असतं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ओहोटी फार खाली जात नाही, तेव्हा पाण्याला ओढही नसते. उधाणाला आपण सगळे घाबरतो, पण तुंबण्याची तक्रार भांगातच जास्त येते, नोंद ठेवून बघा.

गाळ काढताना मध्ये कांदळवन असेल तर परवानगीशिवाय कोयता लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या निकालात कांदळवन तोडायला मनाई केली आहे आणि तोडलं तर गुन्हा नोंदतो. बांधाबाहेरचं कांदळवन लाटा मोडतं, ते राहू द्याच. दुखणं आहे ते आतलं. खांड बुजवायला तीन-चार वर्षं लागली की शेतात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवतात आणि मग शेतच कांदळवन म्हणून मोजलं जातं. सातबारा तुमचा, झाडाला हात लावायचा नाही. म्हणून खांड पहिल्याच हंगामात बुजली पाहिजे.

धुण्याची पद्धत अशी. पहिल्या एक-दोन जोरदार सरींचं पाणी अडवू नका, वर साचलेलं मीठ विरघळून तेच आधी बाहेर जाऊ द्या. त्यानंतर खाचर भरा, दोन-तीन दिवस ठेवा, ओहोटीला सोडा, पुन्हा भरा. प्रत्येक वेळी सोडायच्या आधी मापक बुडवा. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला आकडा २ डेसिसायमनच्या खाली उतरला की लावणीला हरकत नाही. भाताचं रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात खाराला सर्वात हळवं असतं, मधल्या फुटव्याच्या काळात बरंच सोसतं. लावणीचा मोह आठ दिवस आवरला तर अर्धं काम होतं. रोप जरा जून लावलं तरी चालेल, कोवळं नको.

बियाण्याबद्दल दोन वाक्यं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे, तिथल्या पनवेल १, २ आणि ३ या जाती खारासाठीच आहेत, आणि भुरा रता, काळा रता आपल्या आजोबांच्या वेळचे. या जाती तुम्हाला सवड मिळवून देतात, गळकी उघाडी त्या बुजवत नाहीत.

विहिरीतून, आणि कालव्यातून

हे नारळ-सुपारीच्या वाडीवाल्यांसाठी. नागाव, आक्षी, रेवदंड्याच्या पट्ट्यात वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं असतं. पंप लावून ती पातळी एक फूट खाली आणलीत तर खालचं खारं पाणी चाळीस फुटांनी वर यायला निघतं. रहाट होता तेव्हा हे होत नव्हतं, कारण बैल दमायचा. आता पंप दमत नाही. एप्रिल-मेमध्ये पंप सुरू करताना एकदा आणि तासाने पुन्हा पाण्याचा आकडा घ्या. तासाभरात वाढत असेल तर उपसा अर्धा करा, दोन वेळांत विभागा. विहीर आणखी खोल करणं हा इथे उपाय नाही, ते खाऱ्या पाण्याला बोलावणं आहे. सुपारी आधी बोलते, नारळ उशिरा.

आणि ज्यांना वाटतं कालव्याचं पाणी आलं की खार गेला: पाणी यायलाच हवं, भांडून आणा. पण रोह्याकडच्या डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यांवर उन्हाळी भात करणाऱ्यांची जमीन उंचावर आहे, निचऱ्याला उतार आहे. खारेपाटात निचऱ्याचे चर नसताना उन्हाळ्यात पाणी सोडलं तर भूजल वर येईल आणि खार त्याच्याबरोबर. चर आधी, पाट नंतर.

सगळं केलं, तरी पाणी मुरत नाही

मीठ धुतलं गेलं आणि सोडियम मातीला चिकटून राहिला, की माती राखेसारखी सुटते, वर पापुद्रा धरते, खाचरातलं पाणी दिवसेंदिवस गढूळच राहतं. बाटलीत पावसाचं पाणी घ्या, सुक्या मातीचे दोन-तीन खडे अलगद सोडा, न हलवता एक दिवस ठेवा. खड्यांभोवती दुधासारखा ढग पसरला तर सोडियमचा त्रास आहे. जिप्समची जागा ही. मात्रा प्रयोगशाळेकडून घ्या आणि जिप्सम पावसाआधी मातीत मिसळा, म्हणजे सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जाईल. अर्थात पाणी बाहेर जात असेल तरच. मी दोन वर्षं हेच औषध दुसऱ्याच रोगाला दिलं.

खांड गेली तर

१९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमाखाली तुमचा बांध शासकीय योजनेत आहे की खाजगी आहे, हे आत्ताच विचारून ठेवा, खांड गेल्यावर नाही. शासकीय असेल तर अर्ज त्याच दिवशी, फोटो त्याच दिवशी, पंचनाम्यात किती गुंठे आणि पाणी किती दिवस उभं होतं हे लिहून घ्या. खाजगी असेल तर काम मालकांचंच. पूर्वी जोळ होती, घरटी एक माणूस बांधावर आलाच पाहिजे असा नेम. आता घरटी एक माणूस गावात असेलच असं नाही, म्हणून आम्ही एकराला ठरावीक रक्कम दरवर्षी आधीच गोळा करतो. भांडणं होतात, पण खांडीच्या दिवशी वर्गणी मागत फिरण्यापेक्षा बरं.

आत आलेलं पाणी पहिल्या ओहोटीलाच बाहेर काढा. एक सेंटिमीटर समुद्राचं पाणी एका गुंठ्यावर आटलं तर ३५ किलो मीठ मागे ठेवतं. गरज पडली तर उघाडीची झडप ओहोटीपुरती वर बांधा, आणि भरतीआधी सोडायला कोण थांबणार ते नाव घेऊन ठरवा. पाऊस शिल्लक असेल तर भरा-सोडा पुन्हा सुरू करा.

खांड बुजवल्यावरच्या पहिल्या उधाणाला रात्री दोघांनी तिथे बसावं, आत काठी रोवून. खूण खडूने करू नका, पुसते. खिळ्याने ओरखडा काढा.